फोटोच्या मागची ओळ

२७ डिसेंबर १९०७, फ्रेंच गार्डन

तुम्ही खानदेशातून आला आहात. ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू होऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत, आणि तिने तुम्हाला नदीच्या सोबतीने सुरतेत आणून सोडलं आहे. तापीच्या काठी, फ्रेंच गार्डनमध्ये, काँग्रेसच्या अधिवेशनाचा मांडव उभा आहे. अधिवेशन भरायचं होतं नागपुरात, पण तिथे टिळकांच्या जहाल गटाचा जोर फार, म्हणून ते इथे हलवलं. काल सुरेंद्रनाथ बॅनर्जींना भाषण पुरं करू दिलं नाही आणि सभा तहकूब करावी लागली. आज हवा जास्तच तापली आहे.

तुम्ही गर्दीतून वाट काढत पुढे सरकता. अध्यक्षांच्या जागी रासबिहारी घोष आहेत. लोकमान्य टिळक व्यासपीठावर चढतात. त्यांना सूचना मांडायची आहे, अध्यक्ष परवानगी देत नाहीत. टिळक हाताची घडी घालून तिथेच उभे राहतात. आरडाओरडा वाढतो, कोणी त्यांना खाली ओढायला धावतं, ते जागचे हलत नाहीत. तेवढ्यात गर्दीतून काहीतरी भिरभिरत व्यासपीठाकडे जातं. मराठी घडणीचा तांबूस जोडा. सुरेंद्रनाथांच्या गालाला चाटून तो फिरोजशहा मेहतांना लागतो. मग खुर्च्या उडतात, काठ्या निघतात. टिळकांच्या अंगावर माणसं चाल करून येतात, तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांच्या आड कोण उभं राहतं ते नीट पाहा. गोपाळ कृष्ण गोखले. ज्यांच्याशी टिळकांचं आयुष्यभर पटलं नाही, ते गोखले.

तुमचा हात सवयीने खिशाकडे जातो. पण खिशात फोन नाही. हे १९०७ साल आहे. कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा तिकाटण्यावरची पेटी, काळं कापड आणि काचेची प्लेट. अशा धुमश्चक्रीत ती पेटी उघडायचीसुद्धा सोय नाही. तरीही गोखल्यांचे ते पसरलेले हात आपल्यापर्यंत पोचले, कारण हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्याने पाहिलं तसं लिहून काढलं आणि १९०८ साली ते ‘द न्यू स्पिरिट इन इंडिया’ या पुस्तकात छापलं. जोड्याचा रंग आणि घडणही त्याने सोडली नाही. क्षण टिकवण्याचं पहिलं साधन शब्द आहे, हे सुरतेतच शिकून घ्या. पुढे उपयोगी पडेल.

पोलीस मांडव रिकामा करतात. आता तुम्ही जहालांच्या मागोमाग जा. याच सुरत मुक्कामात त्यांचा एक फोटो निघणार आहे. छायाचित्रकार माणसं लावून घेतो. पुढे गणेश श्रीकृष्ण खापर्डे आणि अश्विनीकुमार दत्त. मधल्या रांगेत सरदार अजितसिंग, अरविंद घोष, लोकमान्य टिळक आणि सय्यद हैदर रझा. मागे डॉक्टर मुंजे, रामस्वामी आणि कुंवरजी देसाई. नऊ माणसं. अमरावती, पुणे, नागपूर, बंगाल, पंजाब, दक्षिण आणि गुजरात एका काचेच्या प्लेटवर.

तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला उभे आहात आणि तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. सहा महिन्यांच्या आत अरविंदही तुरुंगात असतील आणि टिळकही. टिळकांना मंडालेची सहा वर्षं भोगायची आहेत. अजितसिंग देश सोडून जातील, परततील ते १९४७ साली, आणि १५ ऑगस्टच्या पहाटे देह ठेवतील. त्यांच्या घरात तीनच महिन्यांपूर्वी जन्मलेला पुतण्या, भगतसिंग, आज अजून पाळण्यात आहे. फोटोतल्या कोणालाच यातलं काही माहीत नाही. ते फक्त कॅमेऱ्याकडे बघताहेत.

आज हा फोटो आपण वाचू शकतो, कारण त्याच्याखाली रांगेवार नावं आहेत. टिळकांना पगडीवरून कोणीही ओळखेल. अरविंदांचा चेहराही ओळखीचा आहे. पण मागच्या रांगेतले रामस्वामी आणि कुंवरजी देसाई केवळ त्या एका ओळीमुळे जिवंत आहेत. ती ओळ नसती, तर त्यांची गणना ‘व इतर’ मध्ये झाली असती.

९ एप्रिल १९३०, भीमराड

आता बावीस वर्षं पुढे या. सुरत तीच, माणसं वेगळी.

१२ मार्चला साबरमतीहून निघालेली गांधीजींची कूच १ एप्रिलला सुरतेत आली. ५ तारखेला ती दांडीला पोचली आणि ६ च्या सकाळी गांधीजींनी समुद्रकाठचं मीठ उचलून कायदा मोडला. दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यातच होती, जलालपूर तालुक्यात. सगळं जग त्या सकाळी दांडीला गेलं होतं. तुम्ही मात्र तीन दिवस उशिरा निघा आणि भीमराडला या.

भीमराड आज सुरत महापालिकेच्या हद्दीत आहे. आसपास उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि मेट्रोच्या एका स्थानकाला गावाचं नाव आहे. १९३० मध्ये मात्र इथे खाडीलगतची खार जमीन आहे. भरतीचं पाणी आत शिरतं, उन्हात आटतं आणि मातीवर पांढरा थर सोडून जातं. एप्रिलचं ऊन त्या थरावर पडून डोळ्यांत घुसतं. पायाखाली चिखल वरून सुकलेला, आतून ओला. हा थर हातात घेणं म्हणजे गुन्हा. मीठ करण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा, आणि निसर्गाने आपणहून करून ठेवलेलं मीठही सरकारचंच.

गांधीजी वाकतात. मागे त्यांचे चिरंजीव मणिलाल आहेत. मुंबईच्या धनाढ्य पेटिट घराण्यातल्या मिठूबेन खादीच्या पांढऱ्या लुगड्यात उभ्या आहेत. भोवती माणसांची दाटी. शटर पडतं.

हा फोटो तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिला आहे. मिठाच्या सत्याग्रहाचा म्हणून जो एक फोटो सगळ्या जगाला माहीत आहे, तो हाच. आणि त्याच्याखाली तुम्ही काय वाचलं होतं? ‘दांडी, ६ एप्रिल १९३०’. कित्येक दशकं तो असाच छापला गेला आणि आजही छापला जातो. गांधीजींच्या छायाचित्रांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे ठरवलं की हा फोटो ९ एप्रिलचा आहे, भीमराडचा. भीमराडच्या मातीत घडलेला क्षण दांडीच्या नावावर जमा झाला होता.

कोणी विचारेल, काय बिघडलं? मीठ तेच, हात तोच. बिघडलं ते असं. दांडीचा क्षण हा पहिल्या धाडसाचा क्षण होता. भीमराडचा क्षण त्या धाडसाच्या पुनरावृत्तीचा आहे. कायदा मोडून तीन दिवस झाले होते, सरकार अजून अटक करत नव्हतं, आणि साठी ओलांडलेला हा माणूस गावोगाव जाऊन पुन्हा वाकत होता, पुन्हा उचलत होता. अटक झाली ती ४ आणि ५ मे मधल्या रात्री, कराडीच्या मुक्कामी. म्हणजे जवळपास महिनाभर हे चाललं. सत्याग्रह त्या महिनाभराच्या न थकणाऱ्या कामात होता. सत्याग्रहाचा सर्वांत प्रसिद्ध फोटो नेमका त्या कामाचा आहे, आणि खालच्या चुकीच्या ओळीने तेच झाकून टाकलं. शिवाय त्या दाटीत भीमराडचे जे लोक उभे होते, त्यांच्या नातवंडांच्या हाती आपल्याच गावचा फोटो दुसऱ्या गावाचा म्हणून आला.

आता कॅमेऱ्याकडून नजर काढा आणि कान द्या. या कूचीबरोबर पंडित नारायण मोरेश्वर खरे चालत आले आहेत. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, साबरमती आश्रमाचे गायक, आश्रम भजनावलीचे संग्राहक. कूच निघण्यापूर्वी थोडेच दिवस आश्रमात देवीची साथ आली आणि तिने त्यांचं मूल नेलं. तरी ते निघाले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांचा आवाज आहे.

या कूचीचं चित्रीकरणही झालं आहे. मुंबईच्या शारदा, कृष्णा आणि रणजित या तीन फिल्म कंपन्यांनी आपले कॅमेरे पाठवले. धुळीतून झपाझप चालणारे गांधीजी आपल्याला दिसतात ते अशा रिळांमुळे. सरकारला त्या रिळांची इतकी धास्ती वाटली की त्यांच्या प्रदर्शनावर बंदी आली. पण परदेशी वार्तापटांनी ही चाल जगभर नेली, आणि टाइम साप्ताहिकाने १९३० चे मानकरी म्हणून गांधीजींना निवडलं. फक्त, त्या फिल्मा मुक्या आहेत. पाय दिसतात, काठी दिसते, गर्दी दिसते. खरे पंडितांचं गाणं त्यात नाही. आठ वर्षांनी, १९३८ च्या फेब्रुवारीत, हरिपुरा अधिवेशनाच्या संगीताची तयारी करत असताना ते गेले. हरिपुरा म्हणजे पुन्हा सुरत जिल्हाच. याच मातीतून त्यांची पावलं रिळावर उमटत गेली, आणि गळा मात्र हवेत विरला.

रिळांचंही आयुष्य फार नसतं. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती झटकन पेटते, आणि पेटली नाही तरी वर्षांमागून वर्षं आपोआप कुजते. कूचीनंतर वर्षभराने, १९३१ मध्ये, आलेल्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी प्रभातने काढलेला ‘अयोध्येचा राजा’ मात्र शाबूत आहे, आणि आज टिकून असलेल्या भारतीय बोलपटांत तोच सर्वांत जुना. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. तोवर बरंच काही जळून, कुजून, भंगारात जाऊन संपलं होतं. पी. के. नायर यांनी तिथे बसून, देशभर हिंडून, मिळेल ते रीळ गोळा केलं.

गांधीजींच्या बाबतीत हेच काम ए. के. चेट्टियार या तमिळ माणसाने केलं. देशोदेशी जाऊन त्याने गांधीजींवरची सुमारे पन्नास हजार फूट फिल्म जमवली आणि १९४० साली माहितीपट केला. पुढे त्या माहितीपटाचाच पत्ता लागेना, आणि त्याची एक इंग्रजी आवृत्ती खूप वर्षांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मिळाली. आपल्या दी. गो. तेंडुलकरांनी १९५१ ते १९५४ या काळात ‘महात्मा’ हे आठ खंडांचं चरित्र पुरं केलं, आणि त्यासाठी फोटो जमवणाऱ्या विठ्ठलभाई झवेरींनी १९६८ मध्ये पाच तासांहून मोठा माहितीपट तयार केला. आज आपल्याला चालते-बोलते गांधीजी दिसतात, ते अशा जमवणाऱ्या माणसांच्या जिवावर. काढणाऱ्याइतकंच राखणाऱ्याचं ऋण मोठं आहे.

डिसेंबर १९३७, जुहू, आणि नोव्हेंबर २०१६, सुरत

पुढचा मुक्काम थोडा लांब, मुंबईत. जुहूचा किनारा. आजारपणानंतर विश्रांतीसाठी गांधीजी इथे राहिले आहेत. वाळूत एक आठेक वर्षांचा मुलगा त्यांच्या काठीचं पुढचं टोक धरून पळतो आहे आणि आजोबा मागून ओढले जात आहेत. दोघंही मजेत. मुलगा म्हणजे रामदास गांधींचा कनू. हाही फोटो तुमच्या ओळखीचा आहे, कारण भारतातल्या किती तरी भिंतींवर तो लागलेला आहे.

लगेच नोव्हेंबर २०१६ मध्ये या आणि सुरतेला परता. तो मुलगा आता सत्त्याऐंशी वर्षांचा आहे. अमेरिकेत शिकला, नासात काम केलं, कित्येक दशकं परदेशात काढून उतारवयात पत्नीसह भारतात परतला. सुरतेत त्याचा शेवट झाला. दुसऱ्या दिवशीच्या अनेक बातम्यांत तोच काठीचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं की हा १९३० च्या दांडीयात्रेतला. जरा हिशेब करा. २०१६ मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस १९३० मध्ये जेमतेम वर्षाचा असणार. तो काठी धरून कसा पळेल? पण समुद्र दिसला, काठी दिसली, गांधीजी दिसले, की लिहिणाऱ्याचा हात आपोआप ‘दांडी’ लिहून मोकळा होतो. जुहूवर आजोबा आणि नातू यांच्यात खेळ चालला होता. आजारातून उठलेला म्हातारा आणि त्याला पळवणारं पोर, इतका साधा आणि इतका जपण्यासारखा क्षण. त्याला इतिहासाच्या मोठ्या नावाखाली दडपायची काय गरज होती?

कनू नावाचा गांधीजींचा आणखी एक नातू होता, चुलत नात्याने. त्याच्याकडे जाण्यासाठी वर्ध्याला, सेवाग्रामला चला. कनू गांधींना कॅमेरा हवा होता. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स आला. गांधीजींनी अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला ‘असे उभे राहा’ म्हणायचं नाही, आणि आश्रम या छंदाचा खर्च देणार नाही. या अटींत राहून कनूंनी पुढची दहा वर्षं जे टिपलं, ते जगात दुसऱ्या कोणाकडेही नाही. पत्र लिहिताना, वजन करताना, कस्तुरबांजवळ बसलेले गांधीजी त्यांच्याचमुळे आपल्याला माहीत आहेत. आजच्या लग्नात वर-वधूंना सप्तपदी थांबवून परत चालायला लावणाऱ्यांनी या अटी वाचाव्यात. क्षण टिपायचा तर आधी तो घडू द्यावा लागतो.

ऑगस्ट २००६, अडाजण

हा मुक्काम अवघड आहे, पण टाळू नका. उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीला मावत नाही आणि ते सुरतेत शिरलं आहे. रांदेर, अडाजण, नदीकाठची वस्ती, बघता बघता शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आहे. तुम्ही अडाजणमधल्या एका तळमजल्यावर उभे आहात. पाणी ओसरून गेलं आहे, घरभर गाळ आहे. गोदरेजच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडत नाही. जोर लावल्यावर उघडतो, आणि आतून फुगलेले अल्बम निघतात. लग्नाचा, बारशाचा, आईच्या साठीचा. पानं एकमेकांना चिकटली आहेत, कडांनी रंग सुटून गुलाबी झाला आहे. शेजारी व्हिडिओ कॅसेटी, खिडकीतून गाळ आत गेलेला.

या पुराने अशी हजारो घरं धुतली. बहुतेकांनी तेव्हा काय केलं? अल्बम उन्हात टाकले, आणि उन्हाने चिकटलेली पानं कायमची चिकटवली. किंवा पानं ओढून वेगळी केली आणि चेहरे दुसऱ्या पानावर उमटले. किंवा सगळं चिखलासकट फेकून दिलं.

तुम्ही मात्र भविष्यातून आला आहात, तेव्हा घाई करू नका. एका घमेल्यात स्वच्छ थंड पाणी घ्या. चिकटलेली पानं त्यात अलगद भिजू द्या, ती आपणहून सुटतील. फोटोच्या चकचकीत बाजूला बोट लावू नका, फक्त कडा धरा. गाळ पाण्याच्या हलक्या धारेने जाऊ द्या, पुसू नका. मग सावलीत, स्वच्छ सुती कापडावर, चित्र वर ठेवून एकेक पसरा. पंखा चालेल, ऊन नको. सगळे एकदम जमणार नसतील, तर उरलेले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि जमेल तसे काढा. काचेला चिकटलेला फोटो काचेवरून सोडवू नका, काचेसकट त्याचा फोटो काढा. ओली कॅसेट यंत्रात घालू नका, ती जाणकाराकडे द्या.

इतकं करून वाचलेले फोटो तुम्ही उलटून बघता. मागे काही लिहिलेलं नाही. बारशाच्या फोटोत पाळण्याशी अकरा बायका उभ्या आहेत. त्यांतल्या चार तुम्हाला माहीत आहेत. उरलेल्या सात कोण, हे सांगू शकणारी आई कायम असणार नाही. पाण्याने नेलं ते दिसतं. न लिहिल्याने गेलं ते आपल्याला कळतही नाही.

आजचा श्रावण, लिंबायत

आता वर्तमानात या. नागपंचमीनंतरचा रविवार आहे आणि लिंबायतमध्ये खानदेशाची देवी कानबाई बसली आहे. लिंबायत, उधना, दिंडोली, गोडादरा, या सगळ्या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसं पिढ्यांपासून आहेत. कापडाच्या गिरण्या, यंत्रमाग, साड्यांचा बाजार, यांच्या आधाराने इथे आली आणि इथलीच झाली. महापालिकेच्या मराठी शाळांत त्यांची मुलं शिकली. घरात रोट भाजले जात आहेत, बायका अहिराणीत गाणी म्हणताहेत, रात्र जागवायची आहे. आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात फोन आहे.

१९०७ मध्ये तुमच्या खिशात जे नव्हतं ते आज आहे, आणि तरीही धोका तोच आहे. किंबहुना वाढला आहे. त्या काळी एक प्लेट काढायची म्हणजे खर्च होता, म्हणून ती जपली जायची. आज एका रात्रीत चारशे फोटो निघतात आणि पुढचा फोन घेईपर्यंत कोणी त्यांच्याकडे बघत नाही. घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो आकाराने लहान होऊन जातो, आणि तो कधी व कुठे काढला ही त्याच्या पोटात साठलेली माहितीही वाटेत पुसली जाते. म्हणजे ज्या ओळीअभावी भीमराडचं दांडी झालं, तीच ओळ आपण रोज आपल्या हाताने खोडतो आहोत.

म्हणून प्रवासाच्या शेवटी काही ठोस गोष्टी घेऊन घरी जा.

जुने फोटो काढा आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ बसा. प्रत्येक फोटोमागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, केव्हा, कशासाठी. रांगेवार नावं, डावीकडून उजवीकडे, १९०७ च्या त्या फोटोसारखी. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. नव्या गुळगुळीत रंगीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही, त्यांच्यासाठी कागदाच्या पाकिटावर लिहा आणि फोटो त्यात ठेवा. खात्री नसेल तर अंदाज ठामपणे लिहू नका, ‘बहुधा १९७२’ असं लिहा. चुकीची ठाम ओळ कोऱ्या पाठीपेक्षा जास्त नुकसान करते.

चिकट पानांचे अल्बम टाळा. त्यांचा गोंद फोटो खातो. काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो खोचायचे जुने अल्बम चांगले होते. सुरतेची हवा दमट, तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा आणि बाहेरच्या भिंतीचा कोपरा दोन्ही नकोत. व्हिडिओ कॅसेटी अजून घरात असतील तर याच वर्षी संगणकावर उतरवून घ्या. टेपवरचा थर दरवर्षी झिजतो, बुरशी धरतो, आणि त्या चालवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. फोटो स्कॅन करताना सहाशे डीपीआय ठेवा. नातेवाइकांना पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो मूळ आकारात आणि तारखेसकट पोचेल.

प्रती तीन करा. एक घरात, एक इंटरनेटवरच्या साठ्यात, आणि एक गावी. सुरतेच्या मराठी माणसाला ही सोय आयतीच आहे. तापीला पूर आला तरी शिरपूरच्या किंवा अमळनेरच्या काकांच्या कपाटातली हार्ड डिस्क कोरडी राहील.

आणि आवाज. खरे पंडितांचा आवाज मुक्या रिळात आलाच नाही, पण तुमच्या आजीचा जायला नको. कानबाईच्या रात्री तिच्याजवळ फोन ठेवा, पंखा बंद करा आणि ती सगळी गाणी म्हणेपर्यंत मध्ये बोलू नका. मग तिलाच विचारा, हे गाणं तू कोणाकडून शिकलीस, कोणत्या गावी. ते उत्तरही त्याच फाइलमध्ये राहू द्या. फाइलला नाव द्या: आजीचं नाव, गाव, तारीख. अहिराणीतली किती तरी गाणी कुठल्याच पुस्तकात नाहीत. ती फक्त अशा बायकांच्या गळ्यात आहेत.

हे सगळं एका दिवसात होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. दर रविवारी एक पाकीट, दहा फोटो, अर्धा तास. वर्षभरात पाचशे फोटोंना नावं मिळतील.

भीमराडचा फोटो भीमराडचा ठरायला दशकं लागली, आणि तो ठरला कारण जगप्रसिद्ध माणूस त्यात होता, म्हणून त्याच्यामागे अभ्यासक लागले. तुमच्या आईच्या, मामांच्या, पाळण्याशी उभ्या असलेल्या त्या सात बायकांच्या फोटोमागे कोणी अभ्यासक लागणार नाही. त्यांची नावं सांगू शकणारं माणूस आज घरात आहे, तेव्हा या रविवारी पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा.